निवळलेलें पाणी, न निवळलेलें विष

वऱ्हाडांतील काळी जमीन कापसासाठीं प्रसिद्ध आहे. वाशिम जिल्ह्यांतील कारंजा तालुक्याचें धनज हें गांव याच मुलखांतलें. अशा गांवांत पाणी पारखण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या एकच चालत आली: पाणी दिसावयास स्वच्छ, चवीला गोड आणि वासरहित असलें म्हणजे तें पिण्यास योग्य. गढूळ पाण्यांत निवळीचें बी उगाळून घालावें, तुरटी फिरवावी, फडक्यानें गाळावें, हे उपाय घरोघर ठाऊक होते. सुश्रुतसंहितेंतहि पाणी निवळविणाऱ्या द्रव्यांत निवळीची, म्हणजे कतकाची, गणना आहे. ही परीक्षा खोटी नव्हती. मात्र ती डोळ्यांना दिसणाऱ्या दोषांपुरतीच होती.

न दिसणारा शत्रु एकोणिसाव्या शतकांत उघडकीस आला. १८५४ सालीं लंडनमध्यें डॉ. जॉन स्नो यांनीं पटकीचा संबंध एका सार्वजनिक पंपाच्या पाण्याशीं जोडून दाखविला. १८८४ मध्यें रॉबर्ट कॉख यांनीं कलकत्त्यास पटकीच्या जंतूचा शोध पक्का केला. १९०८ मध्यें अमेरिकेंतील जर्सी सिटीच्या पाण्यांत क्लोरीनचा नित्य वापर सुरू झाला. तुरटीनें गाळ बसवावयाचा, वाळूच्या थरांतून पाणी गाळावयाचें आणि क्लोरीननें जंतु मारावयाचे, ही त्रिसूत्री जगभर रूढ झाली व तिनें असंख्य जीव वाचविले. शहरांतील नळाचें पाणी आजहि बहुतांशीं तिच्यावरच अवलंबून आहे.

परंतु विसाव्या शतकांत तिसऱ्याच जातीचा दोष पाण्यांत शिरला. तो गाळ नव्हे आणि जंतुहि नव्हे. १९३९ मध्यें पॉल म्युलर यांनीं डी.डी.टी.ची कीटकनाशक शक्ति शोधून काढली आणि १९४८ मध्यें त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. या औषधानें हिंवताप हटविला, हें त्याचें श्रेय कोणी नाकारूं नये. पण १९५० मध्येंच बर्लिंग्टन व लिंडमन या अमेरिकन संशोधकांनीं कोंबड्यांच्या नर पिलांना तें टोंचून पाहिलें, तेव्हां त्यांचे वृषण खुजे राहिले आणि तुरे नीट वाढले नाहींत. विषाची खूण म्हणजे मृत्यु, अशी समजूत असलेल्या जगानें या इशाऱ्याकडे फारसें लक्ष दिलें नाहीं.

या इशाऱ्याचें मर्म शरीराच्या रचनेंत आहे. शरीरांतील ग्रंथि रक्तांत अत्यल्प द्रव्यें सोडतात; त्यांना संप्रेरकें किंवा हार्मोन म्हणतात. कुलपाला किल्ली लागावी तशीं तीं पेशींना लागतात, आणि वाढ, ऋतुप्राप्ति, प्रजनन हीं कार्यें सुरू होतात. कांहीं कृत्रिम रसायनें या किल्लीचें सोंग घेतात, तर कांहीं कुलपाचें तोंडच अडवून बसतात. त्यांना मात्रा थोडी पुरते. कॅनडांतील एका सरोवरांत २००१ पासून तीन उन्हाळे संततिनियमनाच्या गोळींतील संप्रेरक लिटरमागें एका ग्रॅमच्या अब्जाव्या भागाच्या पांच-सहा पट इतकेंच मिसळण्यांत आलें. तेवढ्यानें तेथील लहान माशांचा वंश जवळजवळ संपला.

भारतांत याची जाणीव केरळांतील कासरगोडनें करून दिली. तेथें काजूच्या बागांवर एंडोसल्फानची फवारणी होत असे. हेंच औषध देशांत कापसावरहि वापरलें जाई. तेथील फवारणीच्या टापूंतील मुलग्यांना यौवनावस्था उशिरां येत असल्याचें २००३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत आढळलें. २०११ च्या मे महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें त्या औषधावर बंदी घातली. डी.डी.टी.चा शेतींतील वापर १९८९ मध्येंच थांबविण्यांत आला होता.

मग पाणी शुद्ध करावें कसें? जुनी त्रिसूत्री येथें अपुरी पडते. तुरटी गाळाला धरते, विरघळलेल्या द्रव्याला धरीत नाहीं. क्लोरीन कांहीं संप्रेरकांना मोडतें, पण सर्वांना नाहीं. पाणी उकळल्यानें जंतु मरतात, हीं रसायनें मात्र बहुधा तशींच राहतात. त्यांना आवरण्यास मुख्यतः दोन उपाय उपयोगी ठरले. पहिला सक्रिय कोळसा. याच्या एका ग्रॅमच्या सूक्ष्म छिद्रांचा पृष्ठभाग शेंकडों चौरस मीटर भरतो आणि रसायनें त्यावर चिकटून बसतात. मात्र तो भरला म्हणजे बदलावाच लागतो. दुसरा ओझोन वायु. हा रसायनाचे रेणूच फोडतो. स्वित्झर्लंडनें २०१६ पासून निवडक सांडपाणी-केंद्रांवर असे उपाय योजण्याचा कायदा अमलांत आणला.

भारताच्या २०१२ च्या पेयजल-मानकांत लिटरमागें डी.डी.टी. ग्रॅमच्या दहा लक्षाव्या भागापर्यंत आणि एंडोसल्फान त्याच्याहि दोन-पंचमांशापर्यंतच चालतें. ही मर्यादा डोळ्यांनीं वा जिभेनें तपासतां येत नाहीं, प्रयोगशाळाच पाहिजे. आणि खेड्यांतल्या विहिरीवर ना कोळशाचा थर असतो, ना ओझोनचें यंत्र. शेतावर फवारलेलें औषध पावसाबरोबर ओढ्यांत उतरतें, मुरत मुरत विहिरीकडेहि जाऊं शकतें. म्हणून धनजसारख्या गांवीं खरें शुद्धीकरण शेताच्या बांधावरच सुरू होतें: मोजकी फवारणी, विहिरीपासून दूर धुतलेले पंप, रिकाम्या डब्यांची विल्हेवाट. निवळीच्या बियानें पाणी निवळतें. पण जें पाण्यांत पडूंच दिलें नाहीं, तें काढावें लागत नाहीं. आणि ही दक्षता विहिरीचें पाणी पिणाऱ्या पुढच्या पिढीचें देणें आहे.