राधाबाईंची वाट

दिल्लीत नोकरीनिमित्त येऊन राहिलेल्या मराठी माणसाला डोंगर म्हटला की हिमालय आठवतो. सुट्टी मिळाली की तो मसुरी गाठतो, नैनिताल गाठतो, पुण्यसंचयाची इच्छा असेल तर बदरीनारायणापर्यंत जातो. आपल्या आणि महाराष्ट्राच्या मध्ये जे डोंगर उभे आहेत त्यांची त्याला फारशी दखल नसते. भुसावळ सोडल्यावर इटारशी येईपर्यंतचा सातपुडा बहुतेकांनी झोपेतच ओलांडलेला असतो. वास्तविक आपला दिल्लीशी जो काही इतिहास घडला, तो या मधल्या डोंगरांतून पायवाटेने व घोडवाटेने आला. त्या वाटेवरून फौजा किती गेल्या याचा हिशेब आपण वारंवार मांडतो. एक विधवा बाई तीर्थयात्रेसाठी त्याच डोंगरांतून गेली आणि सुखरूप परतली, ही गोष्ट मात्र आपण चरित्रातील एखाद्या ओळीत उरकतो. माझ्या मते त्या एका यात्रेत कित्येक लढायांपेक्षा अधिक इतिहास आहे.

दक्षिणेतून उत्तरेकडे निघालेल्या माणसाला प्रथम सातपुडा आडवा येतो. तेथे निसर्गानेच एक खिंडार ठेवले आहे. तापीकाठी बऱ्हाणपूर आणि त्याच्या डोक्यावर असीरगड. या किल्ल्याला दख्खनची किल्ली म्हणत ते उगीच नव्हे. पुढे नर्मदा, आणि नर्मदेपलीकडे विंध्य. विंध्याचा स्वभाव चमत्कारिक आहे. उत्तरेकडून येणाऱ्याला तो जवळजवळ जाणवत नाही, कारण माळव्याचे पठार त्याच्या माथ्याशी सपाट मिळालेले आहे. दक्षिणेकडून येणाऱ्यापुढे मात्र तो भिंतीसारखा उभा राहतो, आणि ती भिंत मोजक्या घाटांनीच चढावी लागते. त्यानंतर अरवली. मेवाडात ती घनदाट व उंच, पुढे विरळ होत होत दिल्लीपर्यंत येते आणि आपल्या परिचयाच्या ‘रिज’च्या रूपाने यमुनेकाठी संपते.

घाट कोणाच्या हाती, यावर माळव्याचे भवितव्य अवलंबून असे. 1728 साली माळव्याचा सुभेदार गिरिधरबहादूर अमझेऱ्याजवळ घाट रोखून बसला. मराठे तिकडूनच वर येतील असा त्याचा कयास होता. चिमाजी अप्पांची फौज मांडवगडच्या घाटाने चढली आणि 29 नोव्हेंबरला अमझेऱ्याच्या रणात गिरिधरबहादूर मारला गेला. एक घाट ओळखण्यात चूक झाली आणि माळव्याचे दार उघडले. पण दार उघडणे निराळे आणि त्या दारातून निर्धास्त जाता येणे निराळे. लूटमार करून परत येणारा घोडेस्वार शत्रूच्या मुलखातूनही जातो; पालखी मात्र शत्रूच्या मुलखातून जात नाही.

14 फेब्रुवारी 1735 रोजी थोरल्या बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई पुण्याहून निघाल्या. त्या डुबेऱ्याच्या बर्व्यांची कन्या. 1720 मध्ये बाळाजी विश्वनाथ निवर्तल्यापासून दोन्ही मुलांच्या घरादाराची धुरा त्यांच्याकडे होती. पती सय्यदांच्या फौजेबरोबर 1719 मध्ये दिल्लीला जाऊन सनदा घेऊन आले होते. त्या आता काशीला निघाल्या. 8 मार्चला बऱ्हाणपूर आले. सोबत माणसे, जनावरे, पालख्या, राहुट्या. असा लवाजमा डोंगरात सैन्यापेक्षाही सावकाश चालतो आणि सैन्यापेक्षा अधिक असहाय असतो.

आणि त्याच दिवसांत पुढे काय चालले होते पाहा. बादशहाचा मीरबक्षी खानदौरान, सवाई जयसिंगांसह प्रचंड फौज घेऊन मराठ्यांना नर्मदेपार हाकलण्यासाठी राजपुतान्यात उतरला होता. मुकुंदऱ्याची खिंड ओलांडून तो रामपुऱ्याकडे आला, आणि मल्हारराव होळकर व राणोजी शिंदे यांनी त्याची रसद तोडून त्याला कोंडले. अवजड तोफखान्याचा डोंगराळ मुलखात काय उपयोग! शेवटी मार्चअखेर कोट्याला तडजोड झाली. माळव्याच्या चौथाईपोटी सालीना 22 लाख रुपये देण्याचे खानदौरानने कबूल केले. म्हणजे मुलाचे सरदार ज्या मुलखात बादशाही फौजेशी झुंजत होते, त्याच मुलखाच्या दिशेने आई यात्रेला चालली होती. याला धाडस म्हणावे की मुत्सद्देगिरी? मला तरी दोन्ही दिसतात.

6 मे रोजी राधाबाई उदेपुरास पोहोचल्या. महाराणा दुसरे जगतसिंह यांनी त्यांचे राजवाड्यात स्वागत केले. येथे थोडे थांबले पाहिजे. अवघ्या दहा महिन्यांपूर्वी, 17 जुलै 1734 रोजी, हुरडा येथे राजपूत राजे एकत्र जमले होते. होळकर-शिंद्यांनी त्या वर्षी बुंदीच्या भांडणात हात घातल्यामुळे ते हादरले होते, आणि मराठ्यांना एकजुटीने हटविण्याच्या शपथा त्यांनी घेतल्या होत्या. त्या मेळाव्याचे अध्यक्ष हेच जगतसिंह, सूत्रधार सवाई जयसिंह. आता शत्रूची आई दाराशी आली, तेव्हा दोघांनीही तिचा सन्मान केला. यात राजपुती आतिथ्यधर्म होताच, तो नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण हुरड्याच्या शपथेत फारसा प्राण उरला नाही, हेही त्यातून उघड झाले.

उदेपूरला हल्ली जाणारे आपले बांधव पिछोल्यातील ज्या शुभ्र महालाचे छायाचित्र घेऊन येतात, तो जगनिवास राधाबाईंना दिसला असणे शक्य नाही, कारण तो याच जगतसिंहांनी पुढे 1743 नंतर बांधविला. त्या वेळी तलावात होते ते जगमंदिर, बंडखोर शाहजादा खुर्रमला आश्रय देणारे. पुढच्याच वर्षी बाजीराव स्वतः उदेपुरास गेले, तेव्हा जगमंदिर पाहायला नावेतून चलावे असे आमंत्रण आले आणि त्यात दगा असल्याचा संशय येऊन ते संतापले, अशी हकीकत मेवाडकडील इतिहासात सांगितली जाते. आईला जेथे पाहुणचार मिळाला, तेथे मुलाला पाणीही संशयास्पद वाटले!

नाथद्वारा करून 21 जूनला त्या जयपुरात आल्या. शहर वसून अजून आठ वर्षेही पुरी झाली नव्हती. सरळ रेषेत आखलेले रुंद रस्ते, चौकोनी पेठा आणि राजवाड्याशेजारी ग्रहगोल पाहण्याची ती अजस्र दगडी यंत्रे. दिल्लीतले जंतरमंतर याच राजाने आधी उभारलेले, त्यामुळे ती यंत्रे आपल्याला अनोळखी नाहीत. पावसाळा जयपुरातच गेला. सप्टेंबरात मुक्काम हलला. मथुरा, वृंदावन, कुरुक्षेत्र, प्रयाग करीत 17 ऑक्टोबरला काशी, मग गया. बाजीरावांकडून 1729 मध्ये जैतपूरला पराभूत झालेला महंमदखान बंगष, त्यानेही आदर दाखविला. 1 जून 1736 रोजी त्या पुण्यास परतल्या. त्याच वर्षी बाजीरावांनी बादशहाकडे ज्या मागण्या केल्या, त्यांत प्रयाग, काशी, गया, मथुरा ही क्षेत्रेही होती.

या प्रवासाचे वर्णन राधाबाईंनी लिहून ठेवले नाही, ही हानीच. पायी डोंगर ओलांडणाऱ्या मराठी माणसाच्या मनात काय येते हे कळण्यासाठी आपल्याला सव्वाशे वर्षे पुढे, वरसईच्या विष्णुभट गोडशांकडे यावे लागते. 1857 साली ते काकांबरोबर ग्वाल्हेरकडे निघाले. बायजाबाई शिंदे मथुरेस यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, घरचे कर्ज फिटेल, एवढाच हेतू. सातपुड्यातच त्यांना शिपायांकडून येऊ घातलेल्या बंडाची कुणकुण लागली. पुढे झाशीचा वेढा, कत्तल, वारंवार लुबाडले जाणे. आणि शेवटी घरी आली ती गंगेची कावड. वाट तीच, डोंगर तेच; पण त्या वाटेवर गोडशांच्या पाठीशी कोणीही उभे नव्हते. ‘माझा प्रवास’ 1907 साली प्रसिद्ध झाला. दिल्लीकर मराठी वाचकाने तो एकदा नकाशा पुढे ठेवून वाचावा.

राधाबाई परतल्यानंतर वर्षाच्या आतच, मार्च 1737 मध्ये, बाजीराव याच अरवलीच्या शेवटच्या फांद्यांतून दिल्लीवर आले. मराठ्यांना चंबळेपार घालविल्याची बढाई सादतखानाने दरबारात कळविली होती. त्याच्या, खानदौरानच्या आणि बंगषाच्या फौजा मथुरेच्या बाजूला एकवटल्या असता बाजीरावांनी हमरस्ता सोडला, मेवातच्या डोंगरांची कड धरली आणि विलक्षण लांब मजला मारून ते एकदम कालकाजीच्या देवळाशी प्रकट झाले. तेथे चैत्रातली जत्रा भरली होती. ती लुटली गेली, हेही सांगितले पाहिजे. शहर मात्र जाळायचे नाही असे त्यांनी ठरविले. तालकटोऱ्याजवळ बादशाही फौजेला मार देऊन ते रेवाडी, कोटपुतळीच्या वाटेने निघून गेले. ज्या तालकटोऱ्याच्या मैदानात फेब्रुवारी 2025 मध्ये अठ्ठ्याण्णवावे मराठी साहित्य संमेलन भरले, तेथून रिजचा खडक काही पावलांवर आहे.