घोड्यावरचे जेवण

फास्ट फूड ही अमेरिकेने जगाला दिलेली देणगी आहे, अशी आमच्या गल्लीतल्या पोरांची ठाम समजूत आहे. मला ती मान्य नाही. मी नगरचा. (२०२४ साली नाव अहिल्यानगर झाले, पण जीभ जुनीच आहे, आणि या लेखाचा विषय जीभ हाच आहे.) आमच्या जिल्ह्यात फास्ट फूड चारशे वर्षांपूर्वी होते आणि त्याच्या जोरावर लढाया जिंकल्या जात होत्या.

१६२४ सालची भातवडीची लढाई घ्या. एका बाजूला मोगल आणि आदिलशहा यांच्या जाडजूड फौजा, दुसऱ्या बाजूला निजामशाहीचा मलिक अंबर आणि शहाजीराजांसारखे सरदार. अंबरने तलावाचा बांध फोडला, वाटांचा चिखल केला, रसद तोडली आणि रात्री छापे घातले. ज्यांचे जेवण बैलांच्या पाठीवरून यायचे ते टेकीला आले. ज्यांचे खोगिराला बांधलेले होते ते जिंकले. निदान मी तरी या लढाईचा अर्थ असाच लावतो.

पुढे पहिल्या बाजीरावाची आख्यायिका आहेच. त्याचे चित्र काढायला गेलेल्या चित्रकाराला काय दिसले? लगाम सैल सोडलेला घोडा, खांद्यावर भाला आणि दोन्ही तळहातांत कणीस चोळून दाणे तोंडात टाकणारा स्वार. तेल नाही, मैदा नाही, बशी नाही, बिल नाही. याहून फास्ट फूड आणखी काय असते हो?

मग बिघडले कुठे? बटाटा, मिरची आणि पाव ही मंडळी पोर्तुगीजांच्या पाठोपाठ आली. १९६६ च्या सुमारास दादरला अशोक वैद्यांच्या गाडीवर वडा पावात शिरला, असे सांगतात. इकडे प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून १९५० च्या सुमारास आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना सुरू झाला. शेतकरी सावरला, चहा गोड झाला. फक्त खालचा घोडा तेवढा गेला आणि त्याच्या जागी सोफा आला.

"साखर वाढलीय," डॉक्टर म्हणाले.

"जिल्हाच साखरेचा आहे, डॉक्टर."

डॉक्टर हसले नाहीत. माझ्या वडिलांच्या पायाची दोन बोटे याच साखरेने नेली होती. त्यामुळे मीही फार वेळ हसलो नाही.

पण गाडीवर जायचेच नाही, हा उपाय माणसाचा नव्हे, साधूचा. मी गनिमी कावा पत्करला. वड्याऐवजी मिसळ. त्यातली मोडाची मटकी आपल्या बाजूची. फरसाण, कट आणि पाव हे शत्रुपक्षाचे. त्यांची रसद तोडायची.

"मामा, मटकी जास्ती, फरसाण निम्मं, कट कमी, पाव एकच."

"का सायेब, उपास हाय का?"

शिंगणापूरच्या रस्त्यावर रसवंत्या लागतात. बैल गोल फिरतो, आपण बाकावर बसून पितो. म्हणजे व्यायाम बैलाला आणि साखर आपल्याला! तिथे मी आता बैलाला नमस्कार करतो आणि पुढे जाऊन ताक पितो. चहाच्या बाबतीत मौलाना आझादांचा आधार घेतो. १९४२ पासून ते आमच्या किल्ल्यात कैदेत होते, आणि दूध घातलेला चहा त्यांना मुळीच पसंत नव्हता. साखर मात्र ते घेत. तेवढ्यापुरता मी त्यांच्याही पुढे गेलो आहे.

राहता राहिली भाकरी. १९७२ च्या दुष्काळात मी शाळेत होतो. अमेरिकेतून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी खाताना घरात सगळे गव्हाच्या पोळीची स्वप्ने बघायचे. ज्वारी म्हणजे गरिबी, हे तेव्हा डोक्यात बसले ते बसलेच. २०२३ साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्याचे वर्ष म्हणून पाळले, आणि धाब्यावरच्या फळ्यावर भाकरी रोटीच्या वर गेली. भावातसुद्धा! आता ठेचा-भाकरी मागवली की वेटर आदराने बघतो. वडील असते तर पोट धरून हसले असते.

हुरड्याचा गुण खरा, पण बाजीरावाच्या खाली घोडा दौडत होता हे विसरून चालणार नाही. आमच्या खाली निदान पाय तरी चालावेत, म्हणून मी मिसळीला चालत जातो. गाडी दोन किलोमीटरवर आहे. तशी एक अगदी घराजवळही आहे. पण तिथली भजी फार चांगली असतात.