तळटीप १ : ‘तिसरा नट’
१. तिसरा नट : अथेन्सचा शोकात्म नाटककार सोफोक्लीस (इ. स. पू. सु. ४९६–४०६) याने केलेल्या सुधारणेचा हा उल्लेख आहे. ग्रीक रंगभूमीवर आधी वृंदासोबत एकच नट असे. दुसरा नट ईस्किलसने आणला आणि तिसरा सोफोक्लीसने, असे ॲरिस्टॉटल ‘काव्यशास्त्रा’त नोंदवतो. मुखवटे बदलून हे तिघेच सर्व भूमिका, स्त्रियांच्यासुद्धा, करत. त्यातून काय साधले, हे ‘राजा इडिपस’मध्ये पाहावे. कॉरिंथचा दूत इडिपसला त्याच्या बालपणाची हकिगत सांगत असतो. इडिपसची पत्नी योकास्टा शेजारी उभी राहून मुकाट्याने ऐकते आणि इडिपसच्या आधी सत्य ओळखते. बोलणाऱ्या दोघांपेक्षा तिचे मौनच काळजाला अधिक भिडते.

सोफोक्लीसचा जन्म अथेन्सजवळच्या कोलोनसचा. इ. स. पू. ४६८ मध्ये नाट्यस्पर्धेत त्याने ईस्किलसवर मात केली. पुढे पेरिक्लीसच्या बरोबरीने तो सेनापतीही झाला. त्याच्या सुमारे १२० नाटकांपैकी केवळ ७ पूर्ण स्वरूपात उरली आहेत. अखेरचे ‘इडिपस कोलोनसमध्ये’ त्याच्या मृत्यूनंतर, इ. स. पू. ४०१ मध्ये, नातवाने रंगभूमीवर आणले. आंधळ्या, परागंदा इडिपसला त्यात शेवटचा आसरा मिळतो, तो कवीच्याच जन्मगावी. मराठी वाचकांना इडिपसची कथा पु. ल. देशपांडे यांच्या ‘राजा ओयदिपौस’मुळे परिचित आहे. — संपादक