समुद्र कीं बर्फ ? : विश्रांतिस्थळांच्या निवडीचा इतिहास

सुटी कोठें घालवावी हा प्रश्न इतका घरगुती आहे, कीं इतिहासाच्या अभ्यासकानें त्यांत लक्ष घालण्याचें कांहीं कारण नाहीं असें पुष्कळांस वाटेल. कोणास समुद्राची गाज आवडते, कोणास डोंगरावरील शांतता. 'व्यक्ति तितक्या प्रकृति' असें म्हणून आपण विषय संपवितों. उन्हाळा जवळ आला म्हणजे महाबळेश्वर कीं कोंकण असा जो वाद आमच्याकडे घरोघर होतो, तोच युरोपांत निराळ्या स्वरूपांत होत असतो. उन्हाळ्यांत भूमध्यसमुद्राचा कांठ गांठावा, कीं हिंवाळ्यापर्यंत थांबून आल्प्सच्या उतारांवर स्की खेळण्यास जावें ? यांपैकीं काय पसंत करावें याविषयीं मतभेद होतात. परंतु समुद्र उन्हाळ्यांतला व बर्फाचे डोंगर हिंवाळ्यांतले, याविषयीं कोणासही शंका येत नाहीं. ती व्यवस्था निसर्गसिद्धच आहे असें सर्व धरून चालतात. वस्तुतः तिला फार तर शंभर-सव्वाशें वर्षें झालीं आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सुखवस्तु युरोपियन याच्या नेमकें उलट वागत असे. तो हिंवाळा भूमध्यसमुद्राच्या कांठीं काढी व उन्हाळ्यांत आल्प्सवर जाई. ही उलटापालट कशी झाली हें पाहिलें म्हणजे आपण जिला आपली 'आवड' म्हणतों तिच्यांत आपला स्वतःचा वांटा किती, याचाही थोडा उलगडा होतो.

अठराव्या शतकाच्या आरंभापर्यंत समुद्रकिनारा हा कोळ्यांचा, खलाशांचा व फुटलेल्या गलबतांचा प्रदेश होता. मौजेकरितां तेथें जाण्याची कल्पना फारशी कोणाच्या मनांत येत नसे. ही दृष्टि पालटण्याचें मोठें श्रेय वैद्यांकडे जातें. डॉ. रिचर्ड रसेल या इंग्रज वैद्यानें १७५० सालीं ग्रंथिरोगांवर समुद्राच्या पाण्याचा उपयोग सांगणारा एक लॅटिन प्रबंध प्रसिद्ध केला. रोग्यानें त्या पाण्यांत स्नान तर करावेंच, परंतु तें प्यावेंही, असा त्याचा उपदेश होता. ब्रायटन हें त्या वेळीं मासेमारीवर जगणारें गांव होतें. रसेलचे रोगी तेथें येऊं लागले. १७८३ सालीं युवराज, म्हणजे पुढचा चौथा जॉर्ज, आला. आणि त्याच्या मागोमाग दरबारी मंडळी आली. १८४१ सालीं लंडनहून थेट ब्रायटनला आगगाडी जाऊं लागली, तेव्हां जें औषध होतें तेंच सर्वसामान्यांची मौज बनलें. आपल्या मराठींतील 'हवापालट' हा शब्द याच वैद्यकीय टप्प्याची खूण आहे. महाबळेश्वर हें कृष्णेच्या उगमाचें प्राचीन क्षेत्र. तेथें लोक पुण्यासाठीं जात. १८२८ च्या सुमारास मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम यानें तेथें गोऱ्या लोकांकरितां आरोग्यस्थान वसविलें, आणि पुढें तें आम्हां सर्वांचें 'थंड हवेचें ठिकाण' झालें. डोंगर तोच राहिला; तो चढण्याचें कारण बदललें.

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याची कथा याहून मनोरंजक आहे. १८३४ सालीं लॉर्ड ब्रूम हा आपल्या आजारी मुलीला घेऊन इटलीकडे निघाला असतां पटकीच्या सांथीमुळें सरहद्द बंद झाली, व त्याला कॅन नांवाच्या लहानशा कोळीवाड्यांत मुक्काम करावा लागला. ती जागा त्याला इतकी मानवली, कीं तेथें त्यानें घर बांधलें आणि १८६८ सालीं तो तेथेंच वारला. कॅनचें दैव उघडलें तें असें एका सांथीमुळें ! पुढें १८५९ सालीं डॉ. जेम्स हेन्री बेनेट हा क्षयानें खंगलेला वैद्य जवळच्या मांतों गांवीं आला. त्याला गुण पडला, आणि त्यानें लिहिलेलें पुस्तक वाचून इतर रोगी त्याच्या मागोमाग आले. आगगाडी कॅनला १८६३ मध्यें व नीसला १८६४ मध्यें पोंचली. हे सारे पाहुणे थंडीच्या दिवसांत येत. मे महिना लागला कीं हॉटेलांचीं दारें बंद होत. व्हिक्टोरिया राणी १८९५ पासून १८९९ पर्यंत दरवर्षीं नीसला गेली, तीही वसंताच्या आरंभीं. उन्हाळ्यांत तेथें राहून कातडी काळवंडून घेणें हें शेतकऱ्यांचें व कोळ्यांचें प्राक्तन, अशी समजूत होती.

इकडे आल्प्सचा हंगाम उन्हाळ्याचा होता. टॉमस कुकनें आपली पहिली स्विस सफर काढली ती १८६३ च्या उन्हाळ्यांत. थंडी पडूं लागली कीं पाहुणे खालीं उतरत आणि खोरीं बर्फाखालीं निजून जात. सेंट मॉरिट्झ येथील हॉटेलवाला बाड्रुट यानें १८६४ मध्यें आपल्या इंग्रज पाहुण्यांशीं पैज मारली, कीं हिंवाळ्यांत येऊन पाहा, येथलें ऊन पसंत पडलें नाहीं तर प्रवासाचा खर्च माझा. अशी एक आख्यायिका तेथें सांगतात. आख्यायिकेपेक्षां डावोसचा इतिहास अधिक भरंवशाचा आहे. जर्मनींतील १८४८-४९ च्या क्रांतींत भाग घेतल्यामुळें परागंदा झालेला अलेक्झांडर श्पेंग्लर हा १८५३ सालीं या खोऱ्यांत वैद्य म्हणून आला. येथील रहिवाशांत क्षय आढळत नाहीं, असें त्याच्या ध्यानीं आलें. १८६५ च्या फेब्रुवारींत दोन जर्मन क्षयरोगी भर बर्फांत येऊन दाखल झाले, आणि आल्प्समधील हिंवाळी वास्तव्याची घडी बसूं लागली. हळूहळू वैद्यांचें मत उबदार सागरी हवेकडून उंचावरील कोरड्या, थंड हवेकडे झुकलें, आणि १८९० मध्यें डावोसपर्यंत आगगाडीही आली. आमच्याकडे पांचगणीस १९१२ सालीं क्षयरोग्यांकरितां आरोग्यधाम निघालें, तेंही याच विचाराच्या परंपरेंतलें.

स्कीचा खेळ आल्प्समध्यें रुजला तो या दवाखान्यांच्या आसपास. लांब लांकडी पट्ट्या पायांस बांधून बर्फावरून जाणें ही नॉर्वेकडील फार जुनी दळणवळणाची रीत. नान्सेननें १८८८ मध्यें स्कीच्या साहाय्यानें ग्रीनलंड ओलांडलें, तेव्हां तिचा सर्वत्र बोलबाला झाला. आर्थर कॉनन डॉइल त्या सुमारास आपल्या क्षयग्रस्त पत्नीसह डावोसला राहत होता. मार्च १८९४ मध्यें दोघां स्थानिक भावांना सोबत घेऊन त्यानें स्कीवरून घाट ओलांडला व आरोसा गांठलें. आणि शेंकडों इंग्रज पुढें या खेळासाठीं स्वित्झर्लंडला येतील असें भाकित त्याच वर्षीं एका मासिकांत लिहिलें. तें तंतोतंत खरें ठरलें. १९२२ सालीं म्यूरेन येथें आधुनिक 'स्लॅलम' शर्यतीची पद्धति घालून देणारा आर्नल्ड लन हा १८८८ मध्यें मद्रास येथें जन्मला होता. त्याचे वडील हेन्री लन तेथें मिशनरी म्हणून गेले होते, आणि मायदेशीं परतल्यावर ते सफरी काढण्याच्या धंद्यांत शिरले. १९२४ सालीं शामोनी येथें पहिले हिंवाळी ऑलिंपिक सामने झाले, तोंपर्यंत बर्फाची ओळख रोग्यांपेक्षां खेळाडूंशीं अधिक जुळली होती.

याच काळांत उन्हाची किंमत बदलली. प्रकाशचिकित्सेबद्दल फिन्सेन या डॅनिश वैद्यास १९०३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, आणि त्याच वर्षीं डॉ. रोलिए यानें स्वित्झर्लंडांत लेझां येथें हाडांच्या क्षयावर सूर्यस्नानाचा उपचार सुरू केला. म्हणजे अंग उघडें टाकून उन्हांत पडण्याला प्रतिष्ठा मिळवून देण्यांत डोंगरावरील वैद्यांचा हात होता, आणि ती प्रतिष्ठा थोड्याच वर्षांत समुद्रकांठीं जाऊन पोंचली. १९२३ च्या उन्हाळ्यांत आंतीब येथील एका मोठ्या हॉटेलानें जेराल्ड व सेरा मर्फी या अमेरिकन दांपत्याच्या आग्रहावरून आपलीं दारें बंद केलीं नाहींत. पुढें त्यांच्या मित्रमंडळींत लेखक-चित्रकारांची भर पडली, आणि १९३० नंतर त्या किनाऱ्यावर उन्हाळी हंगाम रूढ झाला. जी काळवंडलेली कातडी कष्टकऱ्याची खूण होती, ती आतां सवड असलेल्या माणसाची खूण झाली. समुद्र हिंवाळ्यांतून उन्हाळ्यांत गेला, डोंगर उन्हाळ्यांतून हिंवाळ्यांत. आणि नव्या पिढीला वाटूं लागलें कीं हें असेंच असावयाचें.

वैद्याच्या जोडीला भांडवल होतेंच. अमेरिकेंतील युनियन पॅसिफिक रेल्वेचा अध्यक्ष हॅरिमन यास हिंवाळ्यांत आपल्या गाड्यांना उतारू हवे होते. त्यानें फेलिक्स शाफगॉच या ऑस्ट्रियन सरदाराला स्कीसाठीं योग्य जागा शोधण्याच्या कामावर नेमलें. अनेक ठिकाणें नापसंत करीत तो १९३६ च्या आरंभीं आयडाहो प्रांतांतील केचम या मेंढपाळांच्या व खाणवाल्यांच्या गांवीं पोंचला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत तेथें 'सन व्हॅली' उघडली. डोंगरावर चढण्यासाठीं लटकत्या खुर्च्यांची योजना करणाऱ्या इंजिनिअरास ती युक्ति जहाजावर केळ्यांचे घड चढविणाऱ्या यंत्रावरून सुचली होती ! हजारों लोकांनीं पुढें 'आपल्या पसंतीनें' निवडलेली जागा त्यांच्यापूर्वीं एका रेल्वे कंपनीनें निवडून ठेवली होती.

आतांपर्यंत आपण ज्यांच्याजवळ सवड होती त्यांच्याविषयीं बोललों. गिरणींत राबणाऱ्याला समुद्र कीं बर्फ हा प्रश्न पडतच नसे. लँकेशायरमधील कापडगिरण्या उन्हाळ्यांत आठवडाभर बंद राहत, तेव्हां मजूर ब्लॅकपूलला जात. पण त्या आठवड्याचा पगार त्यांना नसे, म्हणून तो खर्च वर्षभर पैसा पैसा सांठवून भागवावा लागे. या परिस्थितींत खरा फरक पडला तो कायद्यानें. जून १९३६ मध्यें मोठ्या संपानंतर फ्रान्समध्यें कामगारांना वर्षांतून दोन आठवडे पगारी रजा मिळाली, आणि लिओ लाग्रांज या मंत्र्याच्या योजनेनें आगगाडीच्या तिकिटांत सवलतही मिळाली. इंग्लंडांत असाच कायदा १९३८ सालीं झाला. ज्यांनीं समुद्र कधीं पाहिलाच नव्हता अशीं कुटुंबें त्या उन्हाळ्यांत प्रथमच किनाऱ्यावर उतरलीं. पुढें फ्रेंच सरकारनें १९६३ पासून लाँगडॉकच्या डांसांनीं भरलेल्या किनाऱ्यावर नवीं शहरें उठविलीं, व त्याच दशकांत आल्प्सच्या उंच कुरणांवर स्कीचीं गांवें वसविण्याची योजनाही हातीं घेतली. जी जागा पूर्वीं वैद्य सांगे व नंतर रेल्वे दाखवी, ती आतां सरकार आंखूं लागलें.

दरम्यान ज्या रोगानें हें सारें घडविलें तो मागें हटला. १९४३ सालीं स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला, आणि पुढील दशकांत डावोसमधील आरोग्यधामांचीं हॉटेलें होऊं लागलीं. कारण संपलें, संवय उरली. आतां त्या संवयीवरही संकट येत आहे. बोलिव्हियांतील चाकाल्ताया या पर्वतावरील हिमनदी, जिच्यावर एके काळीं जगांतील सर्वांत उंच स्कीचें मैदान होतें, २००९ सालीं पूर्ण वितळली. आणि २०२२ चे बीजिंगचे हिंवाळी ऑलिंपिक सामने जवळजवळ सर्वस्वीं यंत्रानें पाडलेल्या बर्फावर खेळावे लागले. समुद्र व बर्फ यांचे हंगाम एकदां बदलले, तसे ते पुन्हां बदलणार नाहींत असें कोणी सांगावें ?

या इतिहासावरून कोणी असें समजूं नये, कीं आपली आवड खोटी आहे. वैद्यानें दाखविलेल्या समुद्रावरही सूर्यास्त खराच असतो. परंतु जागेची निवड ही बव्हंशीं दुसऱ्यांनीं आपल्यासाठीं करून ठेवलेली असते. झगडून मिळवावी लागली ती सवड. आमच्या देशांत १९४८ च्या कारखाने कायद्यानें कामगाराला वार्षिक पगारी रजेचा हक्क दिला; पण ऊस तोडणारा, विटा वाहणारा व घरकाम करणारी बाई त्या कायद्याच्या कक्षेंत कधींच आली नाहींत. आपण महाबळेश्वरच्या बंगल्यांत उतरतों तेव्हां दारांत सामान घेण्यास जो मनुष्य उभा असतो, त्याच्या सुटीचा हिशेब इतिहासानें अजून मांडावयाचा आहे.