नांव न मिळालेली व्यथा

शाळेची घंटा होतांच दोन्ही कानांवर हात ठेवून बाकाखालीं दडणारा एक मुलगा मला आठवतो. खळीच्या सदऱ्याचा स्पर्श त्याला सोसत नसे. प्रार्थनेच्या रांगेंत कोणाचा धक्का लागला तर विंचू चावल्यासारखा तो ओरडे. आम्हीं मास्तर मंडळींनीं त्याला हट्टी ठरविलें. मीं स्वतः एकदां शिक्षा म्हणून त्याला वर्गाबाहेर उभें केलें, आणि तेंहि नेमकें घंटेखालीं! श्रोतेहो, आजची हकीकत अशाच मुलांची आहे.

१९४३ सालीं बाल्टिमोर येथील डॉ. लिओ कॅनर यांनीं अकरा मुलांचें वर्णन प्रसिद्ध केलें. आत्ममग्नतेचा अभ्यास तेथून पुढें वाढला. मोठा आवाज होतांच त्यांतील कांहीं मुलें भयभीत होत, अशी नोंद त्यांत आहे. परंतु या विषयाला स्वतंत्र शास्त्राचें रूप दिलें तें कॅलिफोर्नियांतील व्यवसायोपचारतज्ज्ञ ए. जीन आयर्स या विदुषीनें. त्यांचा मुख्य ग्रंथ १९७२ सालचा. डोळा, कान, त्वचा यांच्याखेरीज शरीराचा तोल सांभाळणारी अंतःकर्णांतील संवेदना आणि स्नायु-सांध्यांची जाणीव, या साऱ्यांची मेंदूंत नीट जुळणी झाली नाहीं तर मूल गोंधळतें, असें त्यांचें प्रतिपादन. उपचार काय, तर टांगते झोपाळे आणि चाकांच्या फळ्या! हा खेळ पाहून अनेक वैद्य हसले असतील. मुलें मात्र हसत खेळलीं.

पुढें या व्यथेला अधिकृत रोगाचें स्थान द्यावें अशी चळवळ उभी राहिली. लूसी जेन मिलर तिच्या अग्रभागीं होत्या. परंतु २०१२ सालीं अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनें हें स्वतंत्र निदान करूं नये असा सल्ला दिला. ही व्यथा निराळी कीं आत्ममग्नता, चंचलता, चिंता यांचेंच अंग, हें ठरलें नाहीं, असें त्यांचें म्हणणें. २०१३ सालीं अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानग्रंथाची पांचवी आवृत्ति निघाली. तींतहि स्वतंत्र स्थान नाहींच. आत्ममग्नतेच्या लक्षणांत मात्र संवेदनांचा अतिरेक वा उणीव प्रथमच समाविष्ट झाली. म्हणजे पाहुणा ओसरीवर आला, पण घरांत नाहीं. अगदीं लहान वयाच्या मुलांसाठीं २०१६ सालीं निघालेल्या एका निराळ्या वर्गीकरणानें तेवढें दार उघडलें.

वैद्यांची सावधगिरी मला अनाठायीं वाटत नाहीं. सीमा आंखल्याशिवाय नांव दिलें तर प्रत्येक किरकिऱ्या मुलावर शिक्का बसेल. पण नांव नसल्याचा भुर्दंड कोणाला? आपल्या देशाच्या २०१६ च्या दिव्यांग कायद्यांत एकवीस प्रकार आहेत; आत्ममग्नता आहे, अध्ययन-अक्षमता आहे, ही व्यथा स्वतंत्रपणें नाहीं. केवळ हीच व्यथा असलेल्या मुलाच्या आईबापांनीं सवलतीसाठीं कोणता कागद दाखवावा?

त्या मुलाला पुढें घंटेचा त्रास पुष्कळ कमी झाला. टोला देण्यापूर्वीं आमचा शिपाई खिडकींतून त्याला हातानें खूण करी. ही युक्ति शिपायाचीच; आम्हां मास्तरांपैकीं कोणाला ती सुचली नव्हती.