वधूचा पांढरा झगा : रूढी कोणाची?

गेल्या वर्षी आमच्या नवी मुंबईतील धर्मग्रामात एक माता लेकीच्या लग्नाची नोंद करावयास आली. कागदपत्रे पाहून झाल्यावर तिने संकोचाने विचारले, "फादर, पांढऱ्या झग्यावाचून चर्चमध्ये लग्न लागतं का?" हार्बर गाडीने वाशीहून मशीद बंदरच्या दोन फेऱ्या झाल्या होत्या, मंगलदास मार्केट पालथे घालून झाले होते; पण कापड, लेस आणि शिलाई मिळून होणारा खर्च कर्ज काढल्यावाचून पेलणारा नव्हता. "लागतं, बाई," एवढेच आम्ही म्हणालो. परंतु हा समज इतका खोल कसा रुजला, याचा मागोवा घेणे आम्हांस आवश्यक वाटले.

प्रथम ख्रिस्तसभेचा नियम पाहू. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने विवाहाच्या वैधतेसाठी धर्मगुरू व किमान दोन साक्षीदार यांची उपस्थिती आवश्यक ठरविली. १९८३ च्या ख्रिस्तसभेच्या कायदेसंहितेतील ११०८ वे कलमही तत्त्वतः हेच सांगते. वस्त्राविषयी तेथे अवाक्षर नाही. उलट विवाहाच्या स्थानिक स्तुत्य चाली जतन कराव्यात, अशी इच्छा ट्रेंटनेच प्रकट केली होती आणि ४०० वर्षांनी, १९६३ साली, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनाविषयक दस्तऐवजात तिचा पुनरुच्चार केला.

मग हा झगा आला कोठून? युरोपातही सामान्य वधू आपल्यापाशी असलेले उत्तम वस्त्र, मग ते कोणत्याही रंगाचे असो, लेवून वेदीपुढे येत असे. १० फेब्रुवारी १८४० रोजी इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने आपल्या विवाहात पांढरे रेशीम व देशी कारागिरांची हॉनिटन लेस परिधान केली. पांढरी वस्त्रे नेसणारी ती पहिली वधू नव्हे. परंतु तिच्यामुळे त्या रंगाची प्रतिष्ठा वाढली. विशेष म्हणजे राणीने ती लेस पुढे अनेक प्रसंगी वापरली आणि १८९७ च्या राज्यारोहण महोत्सवातही विवाहाचीच जाळी मस्तकी धारण केली.

आपल्या किनाऱ्यावरील चाल निराळी होती. वसईवर १५३४ ते १७३९ पोर्तुगिजांची सत्ता होती. गोव्यात १७३६ साली इन्क्विझिशनने लग्नातील अनेक देशी चालींवर बंदी घातली. तरी लाल रंग पुसला गेला नाही. वसईच्या ख्रिस्ती स्त्रियांचे लाल लुगडे विसाव्या शतकातही दिसत असे आणि गोव्याच्या ख्रिस्ती घरांत 'साडो' हे वधूचे लाल वस्त्र समारंभपूर्वक बेतले जाई. शहराकडे व इंग्रजी चाकरीकडे वळलेल्या घराण्यांतून झगा प्रतिष्ठेचा झाला. मुंबईतील आपल्या बांधवांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव १८८७ साली, त्याच राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, स्वीकारले, हा योगायोग बोलका आहे. तिकडे नगर व मराठवाड्याकडील ख्रिस्ती वधूंनी पांढरी साडी आपलीशी केली.

१९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि खाडीपलीकडे नवे शहर उभे राहू लागले. तेथे वसईकर, गोवेकर, नगरकर एकाच चर्चच्या बाकांवर बसू लागले. गावाची रीत सांगणारी आजी गावीच राहिली. शेजाऱ्याकडे पाहून रीत ठरू लागली. आमच्या मते कर्जाचे मूळ येथे आहे, उपासनाविधीत नाही.

झगा वाईट, असे आमचे म्हणणे नाही. ऐपत असेल त्याने शिवावा, नसेल त्याने भाड्याने वा बहिणीचा घ्यावा. पण जे शुभ्र वस्त्र ख्रिस्तसभेला खरोखर अभिप्रेत आहे, ते स्नानसंस्कारातच वधूला मिळालेले असते, आणि त्यासाठी कोणा बापाला सावकाराचे दार ठोठवावे लागत नाही.

त्या मातेच्या लेकीचे लग्न पांढऱ्या साडीत लागले. नाताळच्या मिस्सेला ती तीच साडी नेसून आली होती.