गोळी, चुंबक आणि इंधन : एका लहानशा स्विचचा इतिहास

१/ लँड रोव्हर डिफेंडरच्या टीडी-५ मॉडेलचे बॉनेट उघडले, की इंजिनामागच्या पत्र्याच्या भिंतीवर रबरी बटण असलेली एक लहान डबी दिसते. हा इनर्शिया स्विच. गाडीला जोराची धडक बसताच तो इंधनाचा पंप बंद करतो. बिघडला तर नवा बसवणे हे थोड्या वेळाचे काम आहे. पण तो मुळात तेथे का आला, याचा शोध घेताना बराच मागचा काळ पाहावा लागतो. #इतिहास #थ्रेड

२/ आरंभ दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपपासून करू. हीच जीप पुढे १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत जोडायला घेतली. तिचा पेट्रोल पंप इंजिनावरच बसवलेला असे आणि कॅमशाफ्टच्या फिरण्यावर चाले. इंजिन थांबले की पंपही थांबे. सुरक्षेसाठी वेगळी योजना नव्हती. ती रचनेतच अंतर्भूत होती.

३/ कार्ब्युरेटरला इंधन अगदी कमी दाबाने पुरते. इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शनला मात्र सुमारे २.५ बार दाब लागतो, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेहून थोडा अधिकच. १९७० साली कार्ब्युरेटरसह आलेल्या रेंज रोव्हरला १९८० च्या दशकाच्या मध्यावर इंजेक्शन मिळाले. पंप आता विजेवर चालू लागला.

४/ येथेच नवा धोका निर्माण झाला. अनेक प्रणालींत इंजिन थांबल्यावर पंप थांबवण्याची सोय होती. पण धडकेत नळी फुटली आणि इंजिन चालूच राहिले तर? अशा वेळी पंप दाबाखालचे पेट्रोल तापलेल्या इंजिनावर फवारत राहणार. गाडी अधिक कार्यक्षम झाली आणि त्याच सुधारणेने आगीचे एक नवे कारण जन्माला घातले.

५/ त्याच काळात कायदाही कडक होत होता. अपघातानंतरच्या इंधनगळतीसंबंधीचे अमेरिकेचे मानक क्रमांक ३०१ हे १९६८ पासून लागू झाले व १९७० च्या दशकाच्या मध्यावर विस्तारले गेले. चाचणीत धडकेपासून गाडी थांबेपर्यंत २८ ग्रॅम आणि पुढील ५ मिनिटांत १४२ ग्रॅम, एवढीच गळती क्षम्य ठरली. १९७८ साली फोर्डने सुमारे १५ लाख पिंटो व बॉबकॅट गाड्या परत बोलावल्या, त्या इंधनटाकीच्या दोषामुळेच.

६/ पंपाच्या प्रश्नावरचे उत्तर आश्चर्य वाटावे इतके साधे होते. शंकूच्या आकाराच्या खोलगट बैठकीत एक पोलादी गोळी असते. खालचे चुंबक तिला धरून ठेवते. धडकेचा जोर चुंबकाच्या पकडीहून अधिक झाला, की गोळी सुटते, उतारावरून वर चढते आणि वरच्या पट्टीला धक्का देऊन विद्युतमंडल तोडते. बटण दाबले की पुन्हा जोडणी होते.

७/ खडकाळ वाटांवर चालणाऱ्या गाडीत मात्र हे उत्तर कसोटीला लागते. तेथे हादरा हीच नित्याची गोष्ट. पण खडकाचा हादरा बहुधा खालून येतो व क्षणात ओसरतो, तर धडकेचा जोर आडवा आणि अधिक काळ टिकणारा असतो. गोळीचे वजन, शंकूचा उतार आणि चुंबकाची शक्ती यांच्या मेळातून हा भेद साधला जातो.

८/ डिझेल गाड्यांतही हेच घडले. ३०० टीडीआय इंजिनाचा लिफ्ट पंप कॅमशाफ्टवर चाले. १९९८ साली आलेल्या टीडी-५ मध्ये पंप टाकीत गेला व विजेवर चालू लागला. त्यामुळे इनर्शिया स्विचची गरज डिझेल डिफेंडरलाही भासली.

९/ चिखल, पाणी आणि गंज यांनी हा स्विच जुना होतो. संपर्क सैल झाला की चढणीवर इंजिन अकस्मात बंद पडते. मग स्विच काढून दोन तारा जोडल्या जातात. गॅरेजच्या भाषेत, ‘डायरेक्ट’ केले जाते. वाटेत अडकल्यावर हा मोह समजण्यासारखा आहे. मात्र असे केल्याने गाडी पुन्हा क्र. ४ मधल्या धोक्यात जाते, आणि तेही कोणालाही जाणवू न देता.

१०/ योग्य मार्ग फारसा कठीण नाही. बॅटरीची ऋण तार सोडवावी, जुना स्विच काढावा, नवा बटण वरच्या बाजूस राहील असा उभाच बसवावा आणि घट्ट आवळावा. तिरका वा सैल बसला तर गोळीचा हिशेब चुकतो. आवळण्यापूर्वी बॅटरी जोडून, इंजिन चालू ठेवून स्विच तळहातावर जोराने आपटून पाहावा. इंजिन बंद पडले पाहिजे. आणि अपघातानंतर बटण दाबण्याआधी गळती व वास तपासावा, हा नियम कधीही मोडू नये.

११/ १९९० च्या दशकापासून सिलिकॉन चिपवरील संवेदक आले. आज बहुतेक नव्या गाड्यांत एअरबॅगचा संगणकच पंप बंद करतो आणि गोळी इतिहासजमा होत आहे. न लागलेल्या आगीची नोंद कोणत्याही दफ्तरात होत नाही. म्हणूनच अशी साधने निरुपयोगी वाटू लागतात आणि सर्वांत आधी काढून टाकली जातात. एखादी वस्तू काढण्यापूर्वी ती कोणत्या धोक्यातून जन्मली हे विचारणे, एवढे तरी इतिहासाच्या अभ्यासकाने करावे.

आपल्या परिचयातील कोणत्या जुन्या वस्तूमागे असा विस्मृतीत गेलेला धोका दडला आहे? जरूर लिहा.